देवळालीच्या गच्चीवरून ऑकलंडचा वारा

तुमचा फोन मी अजून बंद केलेला नाही. रोज अंघोळीला जाताना चार्जिंगला लावते, आल्यावर काढते आणि तुमच्या खुर्चीच्या हातावर ठेवते. साडेसातला त्याच्याकडे एकदा बघते. आता त्यावर काही येत नाही. मुलांना कळलं आहे.

काल तुमचं तेरावं झालं. आज घरात मी एकटी आहे आणि हे लिहायला बसले आहे. लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत आपली नातवंडं, रेवा आणि ईशान. ऑकलंडला बसून रेवा वाचेल, अडेल तिथे तिच्या बाबाला, आपल्या समीरला, विचारेल. दहा वर्षांच्या ईशानला वाचून दाखवावं लागेल. म्हणून सगळं क्रमाने सांगते. तुम्ही म्हणाल, मास्तरीणबाईंनी गेलेल्या माणसालाही सोडलं नाही, त्यालाही धडा वाचून दाखवतात. दाखवते. त्या चार दिवसांत जे झालं ते नीट मांडलं नाही तर मला त्याचा अर्थ लागणार नाही, आणि कदाचित मांडूनही लागणार नाही.

मुलांना तुमचं काम कधी नीट कळलं नाही. त्यांना वाटायचं, आबा लष्करात फुगे विकायचे. एकतीस वर्षं तुम्ही इथे कॅम्पात सकाळी मोठा पांढरा फुगा आकाशात सोडलात, दुर्बिणीतून त्याचा माग काढलात आणि वर कुठल्या उंचीवर वारा कुठून कुठे जातो त्याचे आकडे काढून तोफखान्याला दिलेत. गोळा हवेतून जाताना वारा त्याला ढकलतो, म्हणून आधी वारा मोजावा लागतो. एवढं साधं काम. मी शाळेतून घरी यायचे, खिडक्यांची तावदानं तोफांच्या आवाजाने थरथरायची आणि तुम्ही चहा पिताना म्हणायचात, "हा माझा." म्हणजे तुमच्या आकड्यांवर सुटलेला. मला तो आणि दुसरा सारखेच ऐकू यायचे.

निवृत्त झाल्यावर तुम्हाला वारा सोडवेना. कचेरीतल्या जुन्या खाकी शर्टाची बाही तुम्ही माझ्याकडून कापून घेतलीत, खांद्याच्या बाजूला तारेची कडी शिवून घेतलीत आणि गच्चीवर उंच पाइपाला लावलीत. वारा आला की ती भरायची आणि आडवी व्हायची. मुलं त्याला 'आबांची बाही' म्हणायची. मला ती कधीच आवडली नाही. कपडे वाळत घालायला गेले की वर बघायचं टाळायचे. आत हात असल्यासारखी ती भरते, कोपरापाशी किंचित वाकते आणि पुढे मनगट नसतं.

मग समीर ऑकलंडला गेला आणि तुम्हाला नवा वारा मिळाला. ईशाननेच तुम्हाला त्या बोटी पहिल्यांदा दाखवल्या. दोन देशांच्या दोन नौका, समोरासमोर, जगातला सगळ्यात जुना चषक म्हणे. आधी सात शर्यती जिंकेल त्या देशाचा. ईशान फोनवर हात हलवून हलवून समजावत होता, "आबा, ही बोट पाण्यात नसतेच. खाली पंख असतात. वारा आला की ती वर उठते आणि उडते. वारा गेला की खाली बसते."

तुम्ही मला म्हणालात, "ऐकलंस? माझा फुगाच आहे हा. फक्त आडवा जातो."

यंदा अंतिम सामना ऑकलंडच्याच बंदरात होता, न्यूझीलंड आणि इटली. तिथे दुपारचे सव्वाचार, आपल्याकडे सकाळचे पावणेनऊ. समीरने टीव्हीला काहीतरी जोडून दिलं होतं, त्यामुळे सगळं दिसायचं. तुम्ही आवाज बंद करून बघायचात. म्हणायचात, बोलणाऱ्यांना वारा कळत नाही. त्याआधी साडेसातला, तिकडे शाळा सुटली की, मुलांचा निरोप यायचा, "आबा, आजचा वारा?" आणि तुम्ही कॉम्प्युटरवरचे नकाशे बघून, गच्चीवर एक फेरी मारून, तीन ओळींचं उत्तर पाठवायचात. पहिल्या ओळीत वारा, दुसरीत सावधगिरी, तिसरीत निकाल. बारा हजार किलोमीटरवरचा वारा आपल्या गच्चीवरून काय कळणार, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "वारा एकच आहे. आपण त्याच्या वेगवेगळ्या टोकांना उभे असतो." हे भौतिकशास्त्र नाही, असं मी म्हटलं. मी इंग्रजी शिकवायचे, पण एवढं मलाही कळत होतं.

मी तुमच्या अंदाजांची वही ठेवली. शाळेतली सवय. लांब वही, पट्टीने आखलेले रकाने: वार, अंदाज, प्रत्यक्ष, आणि शेवटी बरोबर की चूक. शेवटच्या रकान्यात लाल पेन. त्याच वहीच्या मागच्या पानांवर फोन नंबर होते, डॉक्टरांचा, गॅसवाल्याचा, नानाभाऊजींचा. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगते.

तुम्ही चुकायचात. हे मुलांनाही माहीत होतं आणि त्यातच त्यांना मजा यायची. निफाडला तुमच्या धाकट्या भावाने, नानाभाऊजींनी, तर त्याचा नियमच केला होता. द्राक्षं काढणीला आली की ते फोन करायचे. "दादा, पानी हाय का?" तुम्ही नाही म्हणालात की ते घडांवर प्लास्टिकचा कागद झाकायला गडी बोलवायचे. मला म्हणायचे, "वहिनी, दादाचा अंदाज लय उपेगी हाय. फक्त उलटा धरायचा." तुम्ही हसायचात. भावाचं तुम्हाला लागायचं नाही.

माझं लागलं.

तो शनिवार होता. सहा शर्यती झाल्या होत्या, तीन न्यूझीलंडच्या, तीन इटलीच्या. सामना संपल्यावर मुलांचा व्हिडिओ कॉल आला. सगळे खुशीत होते, समीरही मागे उभा राहून काहीतरी खात होता. ईशान म्हणाला, "आजी, वही दाखव. आबांचा स्कोअर सांग." मी वही उघडली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. सहापैकी चार लाल फुल्या. मी म्हणाले, "निम्म्याहून जास्त चूक. आणि यांच्या भरवशावर सरकारने एकतीस वर्षं तोफा डागल्या."

मुलं हसली. समीर एवढा हसला की त्याला ठसका लागला. तुम्हीही हसलात. मग फोन ठेवल्यावर तुम्ही वही माझ्या हातातून घेऊन मिटलीत आणि टेबलावर ठेवलीत. म्हणालात, "कचेरीत मी अंदाज देत नव्हतो. मोजत होतो. अंदाज मी फक्त घरच्यांसाठी देतो."

त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "जेवायला आज मेथी करू का?"

तुम्ही गच्चीवर गेलात. दुपारी मी बाजारात भाजीला गेले, परत आले तेव्हा तुम्ही टेबलापाशी बसला होतात आणि मी आत येताच उठलात. दिवसभर आपण गरजेपुरतं बोललो. पन्नास वर्षांच्या संसारात असे दिवस मोजायचे नसतात, पुष्कळ होते. फक्त हा शेवटचा होता.

रविवारी सकाळी तुम्ही मुलांना तीन ओळींऐवजी एकच ओळ पाठवलीत. "आज वारा नाही. घरी बसा." मग टीव्ही लावून खुर्चीत बसलात. मी चहा आणून दिला. पडद्यावर पाणी होतं, राखाडी, तुकतुकीत, त्यावर एकही सुरकुती नाही. दोन्ही नौका उभ्या होत्या, शिडं कापडासारखी लोंबत होती. माणसं हात बांधून बसली होती. कोणीही हलत नव्हतं. आवाज बंद असल्यामुळे मला दोनदा वाटलं की चित्र अडकलंय, पण कोपऱ्यातलं घड्याळ चालू होतं.

आपल्याकडेही तसंच. रविवार, म्हणून तोफा नाहीत. खिडकीतून गच्चीच्या पाइपाचं टोक दिसत होतं, बाही सरळ खाली. शेजारच्या कडुनिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मी तुमच्या शेजारी बसले आणि मला एकदम वाटलं, आत्ता बोलून टाकावं. टीव्हीकडे बघतच बोलले. म्हणाले, कालचं मी चुकीचं बोलले. मुलांसमोर तर मुळीच बोलायला नको होतं. वही मी तुम्हाला चिडवायला ठेवली नव्हती, तुम्ही रोज काहीतरी लिहिता ते राहावं म्हणून ठेवली होती. असं बरंच बोलले. पाणी तसंच होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत आणि मला वाटलं, अजून रुसलेले आहात. मी म्हणाले, "बरं, नका बोलू." आणि कप उचलायला हात पुढे केला.

कप भरलेला होता. वर साय धरली होती.

मी किती वेळ बोलत होते, आणि त्यातलं किती तुम्ही ऐकलंत, हे मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले, शांतपणे गेले, अर्धा-पाऊण तास झाला असेल. अर्धा की पाऊण, असं मी त्यांना विचारलं. ते बॅग आवरू लागले. तेवढ्यावर सगळं होतं, पण त्यांना ते कसं कळणार? पडद्यावर त्या दिवशीची शर्यत रद्द झाल्याची पाटी आली होती.

करोनामुळे विमानं बंद होती, समीर येऊ शकत नव्हता. पंधरा माणसांत आणि तोंडाला फडकी बांधून आम्ही दुपारीच तुम्हाला पोहोचवलं. नानाभाऊजींनी अग्नी दिला. समीरने सगळं फोनवर पाहिलं, आणि शेवटी म्हणाला, "आई, मुलांना आत्ता नको सांगूस. शर्यती संपू देत. मला आधी स्वतःला सांगू दे." मी हो म्हणाले. चार दिवस काही फार नसतात.

पण तुमचा फोन माझ्या लक्षात नव्हता. त्याच्याही नव्हता.

सोमवारी साडेसातला तो तुमच्या खुर्चीच्या हातावर थरथरला. "आबा, आजचा वारा?" ईशानचा निरोप. मी उभ्याउभ्या बघत राहिले. उत्तर गेलं नाही तर तो फोन करेल, आणि समीर अजून कामावर असेल. दोन मिनिटांनी परत थरथरला. "आबाआआ?"

माझं म्हणणं असं की मला वारा कळत नाही. मला कॉम्प्युटरवरचे नकाशेही उघडता येत नाहीत. मी फक्त तुम्ही करायचात तसं केलं, गच्चीवर गेले. शेजारच्यांनी दोरीवर चादरी घातल्या होत्या, त्या सरळ लोंबत होत्या. कडुनिंब स्थिर. आणि बाही भरलेली होती. आडवी, कोपरापाशी वाकलेली, सबंध. पाइप उंच आहे, वर वारा असतो, खाली नसतो, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे. मी तेच स्वतःला सांगितलं आणि खाली बघून तिथेच उभ्याने टाइप केलं:

"वारा हलका, ईशान्येचा. किनाऱ्याजवळ जाऊ नये. जो पुढे असेल तो बसेल."

हे शब्द कुठून आले ते मी अजून शोधते आहे. 'जाऊ नये' असं मी कधी लिहीत नाही, ते तुमचं सरकारी मराठी.

पावणेनऊला मी टीव्ही लावला. आवाज बंदच ठेवला. पहिली शर्यत न्यूझीलंडने घेतली. दुसरीत त्यांची बोट मागे होती आणि अचानक पाण्यात बसली, इटलीची उडत लांब पुढे निघून गेली, इतकी लांब की दोन्ही एका चित्रात मावेनात. मला वाटलं, चला, मी चुकले, सुटले. आणि मग काहीही कारण नसताना, किनाऱ्याच्या बाजूला वळताना, इटलीची बोट खाली आली. हळूहळू, एखादं माणूस खुर्चीत बसतं तशी. पुढे असलेली. मागची उठली, उडाली आणि तिला ओलांडून गेली.

ईशानचा निरोप आला, "आबा!!! तुम्हाला कसं कळलं???"

मी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत तुमची खुर्ची दिसत होती आणि तिच्यामागे मी.

मंगळवारी मी ठरवलं होतं की 'सर्दी झाली आहे, आज अंदाज नाही' असं लिहायचं. वाक्य मनात तयार होतं. साडेसातला फोन थरथरला आणि मी जे लिहिलं ते असं: "दिशा बदलती. घाई करू नये. एकच शर्यत होईल, दुसरी लागेल आणि थांबेल." तावदानं थरथरली, रेंजवर सराव सुरू झाला होता. एक आवाज झाला आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "हा तुमचा."

एकच शर्यत झाली. दुसरी लागली, आणि वारा फिरला म्हणून पंचांनी ती थांबवली.

त्या दिवशी ईशानचं काही आलं नाही. रेवाचा फोन आला, माझ्या फोनवर. ती चौदा वर्षांची आहे, तिचा आवाज मोठ्या माणसासारखा झाला होता.

"आजी, आबांना बरं नाहीये का?"

"का गं?"

"दोन दिवस त्यांचं सगळं बरोबर येतंय."

मला हसू आलं. ती म्हणाली, "आबा कधी एवढे बरोबर नसतात. ईशानला भारी वाटतंय. मला भीती वाटतेय. व्हिडिओ लाव ना, मला त्यांना बघायचंय."

"झोपलेत," मी म्हणाले.

"सकाळी अकरा वाजता?"

"म्हातारी माणसं झोपतात."

ती म्हणाली, "ओके. त्यांना सांग, उद्या नॉर्मल पाठवा."

मी चाळीस वर्षं मुलांना निबंध शिकवले. कोणी दुसऱ्याकडून लिहून आणला तर मला पहिल्या ओळीत कळायचं, कारण तो फार बरोबर असायचा. माझ्या नातीने मला तसंच पकडलं होतं. आणि तिला फसवायचा एकच मार्ग होता. मला चुकायला हवं होतं.

म्हणून बुधवारी मी मुद्दाम चुकले. हे मी पूर्ण शुद्धीत केलं, त्याबद्दल मला शंका नाही. न्यूझीलंडच्या सहा झाल्या होत्या, इटलीच्या तीनच. न्यूझीलंडला एकच हवी होती, त्यांच्या स्वतःच्या बंदरात. शेंबड्या पोरानेही इटलीचं नाव घेतलं नसतं. मी गच्चीवर गेले नाही, खिडकीचा पडदासुद्धा ओढून घेतला. टेबलापाशी बसून, विचार करून, सगळ्यात वेडगळ ते लिहिलं: "वारा दक्षिणेचा. इटली. दोन्ही शर्यती."

वारा तिकडे कुठला होता ते मला माहीत नाही. शर्यत एकच झाली, न्यूझीलंडने ती घेतली आणि चषक राखला. बंदरात सगळ्या लहानमोठ्या बोटी एकदम निघाल्या, लोक पाण्यात उड्या मारत होते. आवाज नसल्यामुळे ते सगळे हात वर करून बुडताहेत असं वाटत होतं.

आणि मग तुमच्या फोनवर व्हिडिओ आला. मी माझा चेहरा न दाखवता उचलला, कॅमेरा टेबलावर पालथा ठेवून. पलीकडे नुसता गोंगाट, भोंगे, आणि त्यात ईशान ओरडत होता, "आबा, तुम्ही चुकलात! पूर्ण चुकलात! आबा बरे झाले, ताई, बघ, आबा चुकले!" आणि रेवा हसत होती. दोन दिवस धरून ठेवलेला श्वास सोडल्यासारखी हसत होती. "थँक गॉड," ती म्हणाली. "आबा, मी घाबरले होते."

त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं मी मुलांना जपते आहे.

मी फोन उचलला आणि कॅमेरा तोंडासमोर धरला. मी म्हणाले, "रेवा, ईशान, मी आजी आहे. बाबांना बोलवा, आणि तिघं एका ठिकाणी बसा." रेवाला लगेच समजलं. तिने आधी ईशानच्या खांद्यावर हात ठेवला आणि मगच समीरला हाक मारली. मी सांगितलं. सगळं, रविवारपासून. समीर रागावला नाही. ईशानने विचारलं, "मग सोमवारी कोण होतं?"

मी म्हणाले, "मी होते."

तो म्हणाला, "तुला वारा येत नाही."

याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. आज देण्याचा प्रयत्न करते.

मधले दिवस पाहुण्यांत आणि विधींत गेले. नानाभाऊजी रोज निफाडहून यायचे. दहाव्याला रामकुंडावर सगळं झाल्यावर पायऱ्यांवर बसून म्हणाले, "वहिनी, औंदा पानी हाय का नाय कोनाला इचारू आता? खरं सांगनारे लय हायेत. उलटं सांगनारा एकच व्हता." त्यांनी डोळ्यांना फडका लावला आणि म्हणाले, "घाम आलाय."

आज सकाळी मी वही काढली. नोंदी राहिल्या होत्या. तुम्ही नसलात तरी रकाने अर्धवट ठेवणं मला जमत नाही. शनिवारचं पान उघडलं, सहा ओळी, चार फुल्या. त्याखाली मी काही लिहिलेलं नव्हतं. पण त्याखाली चार ओळी होत्या, पेन्सिलीने, तुमच्या अक्षरात.

"रविवार. वारा नाही.
सोमवार. पुढे असेल तो बसेल.
मंगळवार. एकच.
बुधवार. इटली."

रकाने माझ्याच पट्टीने आखलेले होते, जरा तिरके. तुम्हाला पट्टी कधी सरळ धरता आली नाही. शेवटचा रकाना, बरोबर की चूक, चारही ओळींसमोर रिकामा होता. आणि पानांच्या बेचक्यात माझं लाल पेन ठेवलेलं होतं, जे मी रविवारपासून शोधत होते.

मी क्रमाने विचार केला. हे तुम्ही शनिवारी दुपारी लिहिलंत, मी भाजीला गेले तेव्हा. मी आत येताच तुम्ही टेबलापासून उठलात, तेव्हा. रविवारी डॉक्टरांचा नंबर शोधायला मी हीच वही उघडली होती. मागून उघडली होती, असं मला आठवतं, पण घाईत पानं उलटली असतील, त्या चार ओळी डोळ्यांखालून गेल्या असतील आणि मनात कुठेतरी राहिल्या असतील. मग सोमवारी आणि मंगळवारी मी त्याच लिहिल्या. हे पटण्यासारखं आहे. ईशान, तुला कोणी विचारलं तर हेच सांग.

फक्त बुधवारचं मला बसवता येत नाही. बुधवारी मी विचार करून, ठरवून, पडदा ओढून चुकले होते. ती चूक माझी होती. मी सगळ्यात वेडगळ नाव शोधलं, आणि तुम्ही ते शनिवारीच लिहून ठेवलं होतं. आणि सोमवारी पुढची बोट खरंच का बसली, हे तर कुठल्याच वहीतून येत नाही.

मी वही घेऊन गच्चीवर गेले. बाही लोंबत होती. मी तिच्याखाली उभी राहिले आणि पहिल्यांदाच नीट वर पाहिलं. काही झालं नाही. ती एक जुनी बाही आहे, मीच शिवलेली, खांद्यापाशी टाका जरा उसवलेला. उद्या ती उतरवून घेऊन तो घालते.

तुम्ही माझी माफी ऐकलीत की नाही, हे मला कधीच कळणार नाही. अर्धा तास की पाऊण, ते कोणाकडेच लिहिलेलं नाही. पण एवढं कळलं की रविवारी सकाळी तुम्ही रुसलेले नव्हतात. रुसलेला माणूस दुसऱ्यासाठी रकाना रिकामा ठेवून त्यात पेन ठेवत नाही. मी जिच्यावरून हसले होते त्याच वहीत तुम्ही पुढचे चार अंदाज दिलेत, कारण अंदाज तुम्ही फक्त घरच्यांसाठी देत होतात.

मग मी खाली येऊन टेबलापाशी बसले आणि नोंदी पूर्ण केल्या. रविवार, बरोबर. सोमवार, बरोबर. मंगळवार, बरोबर. बुधवारसमोर पेन थोडं थांबलं. मग मी फुली मारली, कारण वही खरी असायला हवी, आणि कारण त्या फुलीवर मुलं केवढी हसली होती.

बेरीज केली. दहापैकी पाच.

निम्मे बरोबर, अहो. निम्म्याहून जास्त चूक, असं मी म्हणाले होते. ते खरं नव्हतं. मुलांसमोर म्हणाले होते, म्हणून दुरुस्ती मुलांसमोर करते आहे.